टोपीने दिलेला शब्द

लाइतदोम
८ नोव्हेंबर २००४

मामांना रिदालिनचा खुब्लेई.

पत्राबरोबर टोपलीभर संत्री पाठवते आहे. बटाट्याच्या गाडीवरचा डोनबोक मैरांगला निघालाय, त्याच्याच हाती देते. वाटेत त्याने चार-पाच खाल्ली तर बोलू नका, बिचारा आपली पत्रं नेहमी बिनतक्रार पोचवतो.

मामी जाऊन या महिन्यात वर्ष होईल. इबारी तुमचं नीट बघत असेलच, ती तुमची मुलगी आहे. तरी थंडीत छातीला लोकर लावायला विसरू नका. तुमच्या छातीचा इतिहास आम्हाला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. छपराचं गवत पुन्हा बदलायला आलंय. पूर्वी टेकडीमागे पाहिजे तेवढं मिळायचं. आता तिथे सगळे झाडूचं गवत लावतात, छपराचं आणायला दोन गावं पलीकडे जावं लागतं. पण गवताचं मी कसंही निभावलं असतं. खरं कारण माझी लारी. धाकटीचा खोकला तीन महिने झाले जात नाही. शिलाँगला नेलं तेव्हा डॉक्टरने विचारलं, "मुलगी झोपते कुठे?" मी म्हटलं, "चुलीपाशी. आम्ही सगळेच चुलीपाशी झोपतो." ते म्हणाले, "म्हणजे धुरात झोपते."

म्हणून हे घर उतरवून त्याच जागी नवीन बांधावं म्हणते. विटांच्या भिंती, वर पत्रा, स्वयंपाकाची खोली वेगळी आणि तिला धुराडं. लारीच्या बापाने, बान्तेइने, वहीच्या पाठकोऱ्या पानावर नकाशाही काढलाय. हिवाळ्यात सुरू केलं तर पावसाच्या आत राहायला जाऊ.

पण तुमच्या शब्दाशिवाय पहिला खांब उभा राहायचा नाही. मी खद्दू, सर्वांत धाकटी मुलगी, म्हणून घर सांभाळते. शब्द मामाचा. कुळातले म्हातारे येतात, क्वाईची पान-सुपारी चघळतात आणि एवढंच विचारतात, "शानबोर काय म्हणतो?" तेव्हा तुम्ही काय म्हणता ते लवकर कळवा.

तुमची
रिदालिन

*

मैरांग
२० नोव्हेंबर २००४

रिदालिनला मामाचा आशीर्वाद.

संत्री पोचली. डोनबोकने चार-पाच नाही, टोपलीचा तळ दिसेपर्यंत खाल्ली होती. पण उरलेली गोड होती.

मी इथे मजेत आहे. इबारी चांगली आहे, जावई बोलायला कमी पण माणूस सरळ. मोठ्या नातवाला अभ्यासाला खोली हवी होती, म्हणून मी माझी त्याला दिली आणि बटाट्याच्या कोठीत खाट टाकली. कोठी कोरडी असते, झोप छान लागते.

घराचं म्हणशील तर माझा शब्द 'नाही' असा आहे.

तू वयाने लहान, तुला ते घर म्हणजे गवत आणि धूर. त्याचं दार माझ्या वडिलांनी फणसाच्या लाकडाचं केलं होतं. इतकं बुटकं की येणारा प्रत्येक जण आमच्या आईपुढे आपोआप वाकायचा. मीही अजून वाकूनच आत येतो. चुलीचे तीन दगड वडिलांनी ओढ्यातून पाठीवर वाहून आणले. माळ्याची शिडी आत शिरल्यावर डाव्या हाताला. नाही, उजव्या. म्हातारा झालो, असं होतं हल्ली. तर ते असो.

सोहऱ्याच्या बाजूला आता सगळे पाहुण्यांसाठी खोल्या बांधतायत म्हणून ऐकतो. चष्मे लावून धबधबे बघायला येणाऱ्या लोकांना आपल्या चुलीपाशी निजवायचं असेल तर तसं स्पष्ट लिही, पोरीच्या खोकल्यामागे लपू नकोस. खोकला मलाही होता. त्याच धुरात मी वाढलो.

आणि एक सांगून ठेवतो. तुझ्या आईने माझी वनखात्याची टोपी हरवली, पितळी बिल्ला लावलेली. मी आजारी पडलो तेव्हा त्या घरात ठेवून गेलो होतो. परत आलो तर, "उंदरांनी नेली असेल, दादा." बिल्ला नेणारा उंदीर मी आजवर पाहिला नाही. एक टोपी ज्यांना सांभाळता आली नाही ते आता आख्खं घर पाडायला निघालेत.

घराला हात लावायचा नाही.

शानबोर

*

लाइतदोम
२ डिसेंबर २००४

मामांना खुब्लेई.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. मी माझ्या मुलीच्या खोकल्यामागे लपते असं तुम्ही लिहिलंत. आई असती तर तिने तुम्हाला चहासुद्धा विचारला नसता.

आता मी जे लिहिणार आहे ते न लिहिण्याचं वचन मी आईला दिलं होतं, आणि तिने मेइरादला, म्हणजे तुमच्या आईला. दोघीही देवाच्या दारात क्वाई खात बसल्यात. तिथून मला काय बोलायचं ते बोलू देत.

तुम्ही ज्या घराला हात लावू नको म्हणता ते घर तेहतीस वर्षांपूर्वी जळालं.

तुम्ही शिलाँगच्या इस्पितळात होता, छातीच्या दुखण्याने. फेब्रुवारीचा कोरडा वारा, चुलीतली ठिणगी छपरात गेली. माणसं वाचली, कोंबड्या वाचल्या, बाकी काही नाही. मी तीन वर्षांची होते, आईच्या पाठीला बांधलेली. डॉक्टरने बजावलं होतं की या माणसाच्या कानावर वाईट बातमी घालू नका, दुखणं उलटेल. मेइराद म्हणाली, "तो बरा होऊन यायच्या आत घर होतं तसं उभं करायचं. त्याला कळता कामा नये."

पण मामाचा शब्द कुठून आणायचा? तुमची टोपी तेवढी शाबूत होती. उंदरांनी नव्हती नेली. आईने ती बटाट्याच्या शेतात बुजगावण्याला घातली होती, तुम्हाला कधी सांगायचं धाडस झालं नाही. मेइरादने ती आणली, झटकली, तुमच्या जागी शेजारचं बसायचं पिढं मांडून त्यावर ठेवली. कुळातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने टोपीला रीतसर विचारलं, "शानबोर, तुझी संमती आहे ना?" सगळे टोपीकडे बघत राहिले. मग मेइराद म्हणाली, "नाही म्हणाला असता तर एव्हाना ओरडला असता." झाली संमती. टोपी पहिल्या खांबाच्या खड्ड्यात ठेवली आणि वर खांब उभा केला.

घर आठवेल तसं बांधलं. फक्त दार मेइरादने चार बोटं उंच करून घेतलं. म्हणाली, "दर वेळी कपाळ आपटून घेतो, आता आजारातून उठून येईल, बिचाऱ्याचं डोकं तरी वाचू दे." शिडीची जागा बदलली, सुताराला तशी सोयीची पडली. चुलीचा एक दगड आगीत तडकला होता, त्याच्या जागी ओढ्यातला दुसरा आणला. नव्या भिंती धुराने काळ्या व्हाव्यात म्हणून दोघी महिनाभर ओली लाकडं जाळत बसल्या. खोकून खोकून बेजार झाल्या.

मग तुम्ही आलात. चुलीपाशी बसलात, लाल चहा घेतलात, इकडे तिकडे बघितलंत आणि म्हणालात, "सगळं जिथल्या तिथे आहे." मेइराद बाहेर जाऊन रडली. त्यानंतर कोण कशाला सांगतंय? तिने घरोघर जाऊन क्वाई दिली आणि सगळ्या गावाचं तोंड बंद केलं.

तेव्हा मामा, तुमचं ते घर नाहीच आहे. माझ्या लारीने त्याच्यासाठी का खोकावं?

रिदालिन

*

लाइतदोम
१६ जानेवारी २००५

मामांना खुब्लेई.

सहा आठवडे तुमचं अक्षर नाही. डोनबोक म्हणतो, पत्र त्याने तुमच्या हातात दिलं, तुम्ही बाकावर बसून वाचलंत, घडी घातलीत आणि त्याला चहा न विचारता आत गेलात. तुम्ही डोनबोकला चहा विचारला नाहीत म्हणजे माझं पत्र वाईटच होतं.

जे लिहिलं ते खरं होतं, पण रागाने लिहिलं. खरं सांगायलाही एक पद्धत असते, ती मी पाळली नाही. मला वाईट वाटतं.

मागच्या बाजारच्या दिवशी कुळातली माणसं आली होती. म्हणाली, शानबोर ऐकत नसेल तर धाकट्या शाखेतल्या मामाचा शब्द घेऊ, हिवाळा फुकट चाललाय. मी नाही म्हटलं. गवंड्यालाही थांबवलंय. बान्तेइ म्हणतो, "तू त्यांच्याशी भांडतेसही आणि त्यांच्यासाठी थांबतेसही, माणसाने समजायचं काय?" मी म्हटलं, "तुझ्या कुळात मामा असतो तसा माझ्या कुळातही आहे, यात समजायचं काय आहे?"

लारीला सध्या शेजारी कॉङ बातीकडे निजवते, तिच्याकडे धुराडं आहे. खोकला निम्म्यावर आलाय. पण रोज जाताना विचारते, "मी पाहुणी आहे का?" सहा वर्षांची आहे. तिला हा शब्द कुणी शिकवला माहीत नाही.

एक राहिलं. बटाट्याच्या कोठीचं तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत आणि मीही तसंच वाचलं. परवा पुन्हा वाचलं. मामा, तुम्ही खरंच कोठीत झोपता?

दोन ओळी तरी लिहा. 'नाही' असली तरी चालेल.

रिदालिन

*

मैरांग
६ फेब्रुवारी २००५

रिदालिन पोरी,

डोनबोकला चहा विचारला नाही ही माझी चूक. या खेपेला त्याला जेवायला घातलं आहे. समोर बसून डुकराचं मटण खातोय आणि मी पत्र संपवायची वाट बघतोय, म्हणजे त्याला अजून एकदा वाढलं की मी निवांत लिहू शकेन.

तुझ्या पत्रावर मी रागावलो असं तुला वाटलं. नाही रागावलो. पत्र वाचलं त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी दिवसभर कुणाशी बोललो नाही. ते का, हे नीट लिहायला मला दोन महिने लागले.

इस्पितळातून आलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. दारातून वाकलो आणि डोकं लागलं नाही. माझं डोकं त्या चौकटीला लागलंच पाहिजे, विसाव्या वर्षापासून लागत होतं. मला वाटलं, दोन वर्षं अंथरुणावर पडून मी खुजा झालो. आत गेलो. शिडीला टेकायला डावा हात पुढे केला, तिथे शिडी नव्हती. चुलीपाशी बसलो. दाराकडचा दगड पूर्वी खडबडीत होता, त्यावर मी लहानपणी कोयता घासायचो. तो गुळगुळीत होता.

मी आईकडे बघितलं, तुझ्या आईकडे बघितलं. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, त्या बघतायत की याला अजून घर आठवतं की नाही. म्हणून मी म्हणालो, सगळं जिथल्या तिथे आहे.

आपल्याकडचा पुरुष जन्मतो आईच्या घरात, राहतो बायकोच्या. माझी मुलं बायकोच्या कुळाची, आणि ते तसंच असायला हवं. तुझ्या मामीने, प्लिसने, मला कधी परकं वागवलं नाही. तरी तिच्या घरात मी स्वतःला सांगत आलो की माझं घर लाइतदोमला आहे, डोळे मिटले की मला त्याचा कोपरा न् कोपरा दिसतो. त्या दिवशी कळलं की चुकीचं दिसतं. मला वाटलं, मी माझ्या आईचं घर विसरलो. तेरा वर्षं बायकोकडे राहिलो आणि चुलीचा दगडसुद्धा लक्षात ठेवता आला नाही.

त्यानंतर दर वर्षी आलो, एक मुक्काम केला आणि परत फिरलो. तुझी आई म्हणायची, "राहा की दादा चार दिवस." मी कामाचं निमित्त सांगायचो. मला भीती वाटायची की बोलता बोलता आणखी काहीतरी चुकीचं सांगेन आणि तिला कळेल. प्लिस गेल्यावर तू पाच वेळा लिहिलंस, "मामा, इकडे या." मी आलो नाही ते याचसाठी. ज्याला घर आठवत नाही त्याने कुठल्या तोंडाने तिथे जाऊन बसायचं? आणि तू ते घर पाडायचं म्हणालीस तेव्हा मला वाटलं, माझ्याजवळ जेवढं उरलंय तेवढंही आता जाणार. तुला धबधब्यांवरून बोललो ते त्या भीतीने बोललो. चूक झाली.

पोरी, मी विसरलो नव्हतो. शिडी डाव्या हातालाच होती. दगड खडबडीतच होता. दार बुटकं होतं. बहात्तराव्या वर्षी मला हे कळलं आणि तुझ्यामुळे कळलं. तुझ्या आईला दिलेला शब्द मोडलास ते बरं केलंस.

आई आणि तुझी आई यांच्यावर रागवावं असं थोडं मनात आलं. मग ओली लाकडं जाळत खोकत बसलेल्या दोघी डोळ्यांसमोर आल्या आणि राग टिकला नाही. त्यांनी मला दुःख होऊ नये म्हणून लपवलं, मी त्यांना दुःख होऊ नये म्हणून लपवलं. तिघंही त्याच चुलीपाशी बसून चहा पीत होतो. एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी तेहतीस वर्षं वाचली असती.

माझा शब्द 'हो' आहे. घर उतरव. विटांचं बांध, पत्र्याचं बांध, धुराडं आधी बांध. माझी टोपी माझ्यापेक्षा समजूतदार निघाली, तिने एका झटक्यात संमती दिली होती. लारीला सांग की आपल्या घरात पाहुणी कुणीच नसते.

आता एक मागणं. मेल्यावर माझ्या अस्थी आपल्या कुळाच्या स्मारकदगडांखालीच येणार, ते ठरलेलं आहे. पण अस्थी येण्याआधी मी स्वतः यावं असं फार वाटतं. कोठीचं तू विचारलंस. हो, कोठीतच झोपतो. इबारी रोज म्हणते आत या, तिचा दोष नाही. तिच्या घरात मी कुठेही झोपलो तरी मला कोठीतच झोपल्यासारखं वाटतं.

नकाशात जागा असेल तर बघ. नसेल तर तसं लिही, मी समजून घेईन.

डोनबोकचं ताट रिकामं झालं. थांबतो.

मामा

*

लाइतदोम
२७ फेब्रुवारी २००५

मामांना लारीचा, तिच्या ताईचा, बान्तेइचा आणि माझा खुब्लेई.

नकाशात जागा पहिल्या दिवसापासून होती. बान्तेइने दाराजवळच्या खोलीत 'मामा' असं लिहून ठेवलं होतं. मी ते पत्रात लिहिलं नाही, वाटलं तुम्ही म्हणाल मला लालूच दाखवते.

घर मंगळवारी उतरवलं. सगळं कूळ आलं होतं. आम्ही सध्या कॉङ बातीकडे आहोत. गवत, बांबू, फळ्या वेगळ्या रचल्यात, आणि जागेवर आता काही नाही, फक्त मधोमध चुलीचे तीन दगड. ते हलवू दिले नाहीत. नवी खोली त्यांच्याभोवतीच उभी राहील.

पहिला खांब काढला तेव्हा मी खड्ड्यात हात घालून बघितलं. टोपीचा धागाही उरला नव्हता. बिल्ला मिळाला. हिरवा पडलेला, माती चिकटलेली, पण अख्खा. लारीने तो राख लावून दिवसभर घासला आणि फ्रॉकला टोचून घेतला. आता काढत नाही. मी म्हटलं, "मामांचा आहे, पाठवायचाय." ती म्हणते, "त्यांना हवा असेल तर त्यांनी घरी येऊन मागावा." तुमच्याच कुळाची आहे, मी काय बोलणार?

गवंडी विचारत होता, वर माळा नाही तर ही जुनी शिडी कशाला? मी म्हटलं, माळाही कर. शिडी आत शिरल्यावर डाव्या हाताला.

नवा पहिला खांब १४ मार्चला. पिढं काढून ठेवलंय. या वेळी त्यावर काय ठेवायचं ते तुम्हीच कळवा, टोपी तर आता नाही.

तुमची
रिदालिन

*

मैरांग
५ मार्च २००५

रिदालिन,

पिढ्यावर मी बसेन.

येत्या गुरुवारी डोनबोकच्या गाडीने निघतो. सामान म्हणजे एक गाठोडं, छत्री आणि प्लिसचा पितळी पानडबा, तो इबारीने स्वतः माझ्या हातात दिला. ती रडली. मीही रडलो. जावई म्हणाला, "बटाटे काढायला याल ना?" तो एवढंच बोलतो, पण मला ते पुरेसं वाटलं. पाहुणा म्हणून येईन त्याच्याकडे, आता तसं यायला मला काही वाटणार नाही.

सकाळपासून एक गोष्ट मनात घोळते आहे. मी निघालोय खरा, पण आत्ता तिथे ना भिंत आहे, ना छप्पर, ना दार. तीन दगड आहेत आणि त्यातला एक माझ्या ओळखीचा नाही. तरी डोनबोकने विचारलं, "कुठे निघालात, मामा?" तर तोंडातून आलं, "घरी." दुसरा शब्द आलाच नाही.

दाराची उंची गवंड्याला सांगू नकोस. मी आल्यावर उभा राहून दाखवीन. आईने ठेवली होती तेवढीच ठेवू, डोकं न लागण्याइतकी. वाकायचं ते मी वाकेनच.

लारीला सांग, बिल्ला घट्ट धरून ठेव. मी मागायला येतोय.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. ते इथे पोचेल तेव्हा मी नसेन, आणि तुझ्या वहीत माझ्या नावापुढे मैरांगचा पत्ता आहे, तो खोडून टाक.

मामा